ऑनलाइन दुकानाची चेकआउटची पाने सर्च इंजिनपासून दूर कशी ठेवावीत: कोल्हापुरातील नव्या दुकानदारांसाठी मार्गदर्शन

कोल्हापुरी चप्पल, हुपरीचे चांदीचे दागिने, गुजरीतला साज, गूळ, कांदा-लसूण मसाला असा माल स्वतःच्या वेबसाइटवरून विकणारे दुकानदार कोल्हापुरात आता बरेच झाले आहेत. दुकान सुरू करताना मालाचे फोटो, वजन, दर आणि कुरिअरचा खर्च यांकडे मालकाचे बारीक लक्ष असते. मात्र प्रत्येक ऑनलाइन दुकानात काही पाने आपोआप तयार होतात, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ग्राहकाने निवडलेला माल दाखवणारे कार्टचे पान, पत्ता व पैसे भरण्याची पद्धत विचारणारे चेकआउटचे पान, ऑर्डर मिळाल्याची पोच देणारे पान आणि ग्राहकाच्या खात्याचे पान ही ती पाने होत. गूगलच्या किंवा बिंगच्या निकालांत ती दिसण्याचे काहीच कारण नसते. तरीही दुर्लक्ष झाले तर ती तिथे दिसू लागतात. ती येऊ नयेत म्हणून काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि नवखा दुकानदार नेमका कुठे फसतो, हे पुढे सांगितले आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. फाइलींची नावे, टॅग आणि आज्ञा या लेखात देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

हे कशासाठी करायचे

समजा, पुण्यातील एका ग्राहकाने आपल्या मसाल्याच्या दुकानाचे नाव गूगलवर शोधले. पहिल्या निकालाखाली दुकानाच्या आतल्या पानांची नावे आली आणि त्यांत ‘चेकआउट’ हेही एक नाव होते. त्याने तेच दाबले. त्याच्या कार्टमध्ये काहीच नसल्यामुळे वूकॉमर्सने (वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने, म्हणजे प्लगइनने) त्याला चेकआउटवरून कार्टच्या पानावर पाठवले, आणि तिथे एवढेच वाक्य होते की कार्ट सध्या रिकामी आहे. ना मसाल्याचा फोटो, ना दर. अशा वेळी बहुतेक ग्राहक वेबसाइट बिघडली आहे असे समजून परत जातात. सर्च इंजिनच्या बॉटलाही, म्हणजे वेबवरची पाने आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामलाही, हेच रिकामे पान दिसते, कारण बॉट काही खरेदी करत नाही. म्हणजे हे पान सर्च इंजिनच्या इंडेक्समध्ये (निकालांसाठीच्या साठ्यात) गेले, तरी त्याच्यासोबत उपयोगाची अशी कोणतीही माहिती जात नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ऑर्डर मिळाल्याच्या पानावर ग्राहकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक असू शकतो. वूकॉमर्समध्ये या पानाच्या पत्त्यात ऑर्डरचा क्रमांक आणि त्याच्या जोडीला एक लांबलचक गुप्त किल्ली असते, त्यामुळे तो पत्ता अंदाजाने शोधून काढणे अवघड असते. पण तोच पत्ता कोणी सर्वांना दिसणाऱ्या ठिकाणी चिकटवला, तर बॉट त्याच्या मागोमाग तिथे पोहोचू शकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा ग्राहकाची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे आणि छोट्या दुकानदाराने तिची धास्ती घ्यावी असे नाही. पण ज्या ग्राहकाने विश्वासाने घरचा पत्ता दिला, त्याचा पत्ता जपणे हे कायदा नसता तरी आपलेच काम होते.

याच विषयात ‘क्रॉल बजेट’ नावाचे तिसरे कारण वारंवार सांगितले जाते. बॉट निरुपयोगी पानांवर वेळ घालवतो आणि त्यामुळे चांगली पाने मागे राहतात, असा तो युक्तिवाद आहे. गूगलचे स्वतःचे मार्गदर्शन मात्र या विषयाची चिंता साधारण १० लाखांहून अधिक पाने असलेल्या किंवा रोज बदलणारी १०,००० हून अधिक पाने असलेल्या साइटनी करावी असे सांगते. चाळीस-पन्नास प्रकारच्या चपला विकणाऱ्या दुकानाने या नावाखाली कोणाला पैसे मोजू नयेत.

दोन साधने आणि त्यांची गफलत

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका फरकावर उभ्या आहेत, म्हणून तो नीट समजून घ्यावा. सर्च इंजिन दोन वेगवेगळी कामे करते. आधी त्याचा बॉट पान उघडून वाचतो, याला क्रॉल करणे म्हणतात. मग ते पान निकालांसाठीच्या साठ्यात नोंदवले जाते, याला इंडेक्स करणे म्हणतात. या दोन कामांना आवर घालणारी साधनेही दोन आहेत.

पहिले साधन रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. ती डोमेनच्या मुळाशी ठेवलेली असते आणि कोणते पत्ते उघडू नयेत हे बॉटना सांगते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी मांडलेला हा संकेत सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात अधिकृतपणे लिहून काढला गेला. ही फाइल फक्त क्रॉल करणे थांबवते. अडवलेल्या पानाकडे दुसऱ्या कुठून तरी दुवा जात असेल, तर आतला मजकूर न वाचताही गूगल त्याचा नुसता पत्ता निकालांत दाखवू शकते.

दुसरे साधन नोइंडेक्स ही आज्ञा. ती पानाच्या एचटीएमएलमध्ये ‘रोबोट्स’ नावाच्या मेटा टॅगमध्ये लिहिलेली असते, किंवा सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या एक्स-रोबोट्स-टॅग नावाच्या हेडरमध्ये असते. पान वाचायला हरकत नाही, पण ते निकालांत दाखवू नये, असा तिचा अर्थ आहे. चेकआउटच्या पानासाठी आपल्याला हेच हवे असते.

गफलत होते ती दोन्ही साधने एकाच पानावर लावल्यावर. जितके जास्त उपाय तितकी जास्त खात्री, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. महाद्वार रोडवरील दुकानाचे शटर खाली ओढून आतल्या भिंतीवर पाटी लावली, तर ती रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येत नाही. त्याचप्रमाणे रोबोट्स डॉट टीएक्सटीने पान अडवले की बॉट आत जात नाही, आतला नोइंडेक्स त्याला दिसत नाही, आणि पानाचा पत्ता इंडेक्समध्ये तसाच पडून राहतो. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात अशा पानांची ‘इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या नावाने वेगळी यादीच असते.

चेकआउट रोबोट्स डॉट टीएक्सटीने न अडवण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे, आणि गूगल मर्चंट सेंटरमध्ये (गूगलच्या खरेदीच्या निकालांसाठी मालाची माहिती देण्याच्या जागी) माल चढवणाऱ्यांनी ते विशेष लक्षात ठेवावे. गूगलचा स्टोअरबॉट नावाचा वेगळा बॉट मालाच्या पानांबरोबर कार्ट आणि चेकआउटची पानेही पाहतो. सर्व बॉटना उद्देशून लिहिलेली बंदी त्यालाही लागू पडते, म्हणून सरसकट बंदी घातली तर ही पाने त्याला पाहता येत नाहीत. नोइंडेक्समुळे मात्र पाने वाचण्यात अडथळा येत नाही.

पायरी १: पानांची यादी करावी

ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, म्हणजे आपण आधी केलेले लॉगिन आड येणार नाही. आपल्याच दुकानात ग्राहक म्हणून जावे. एक किलो मसाला कार्टमध्ये टाकावा, कार्ट उघडावी, चेकआउटवर जावे, आणि कॅश ऑन डिलिव्हरी चालू असेल तर एक चाचणी ऑर्डर पूर्ण करून नंतर ती रद्द करावी. प्रत्येक टप्प्यावर वरच्या पट्टीतला पत्ता वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्यावा. मालाच्या यादीतील ‘कार्टमध्ये टाका’ या बटणावर माउस नुसता धरला, तर ब्राउझरच्या तळाशी त्याचा दुवा दिसतो. त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘ॲड-टू-कार्ट’ आणि एक क्रमांक असेल, तर तोही टिपून ठेवावा.

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. पैसे भरण्याचे पान पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीच्या) डोमेनवर उघडते की आपल्याच डोमेनवर, हे इथेच कळते. गेटवेच्या डोमेनवर उघडत असेल, तर त्या पानाची काळजी आपण करायची नसते. दुकान मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल, तर चेकआउटची पानेही दोन असतात आणि दोन्ही यादीत यावी लागतात. दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी किंवा गुळाच्या घाऊक ऑर्डरसाठी कोणी पेज बिल्डर (पाने जुळवण्याच्या) प्लगइनने वेगळे ऑर्डरचे पान बनवले असेल, तर त्याची नोंद आवर्जून करावी. ते यादीत का हवे, हे तिसऱ्या पायरीत स्पष्ट होईल.

पायरी २: सध्याची स्थिती पाहावी

गूगलवर ‘साइट’ हा शब्द, लगेच अपूर्णविराम (कोलन) आणि त्याला चिकटून आपले डोमेन असे लिहून शोधावे. इंडेक्समधील बरीचशी पाने दिसतील. ही यादी पूर्ण असतेच असे नाही, त्यामुळे तिच्यात चेकआउट दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

खात्रीचे उत्तर गूगल सर्च कन्सोल देते. ते मोफत आहे, आणि डोमेन आपलेच असल्याचे एकदा सिद्ध केले की लगेच वापरता येते. वरच्या चौकटीत पहिल्या पायरीतील एकेक पत्ता चिकटवावा. पान गूगलवर आहे की नाही, नसेल तर का नाही, शेवटचे केव्हा क्रॉल झाले आणि क्रॉल करायला परवानगी आहे की नाही, हे सगळे तिथे एकाच ठिकाणी कळते. डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल ही तीनही खाती दुकानमालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत. वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर राहिली, तर पुढे त्याचा फोन लागेपर्यंत काहीच हलत नाही.

पायरी ३: नोइंडेक्स लावावा

वूकॉमर्स वापरणाऱ्यांचे बहुतेक काम आधीच झालेले असते. कार्ट, चेकआउट आणि माझे खाते या तीन पानांवर वूकॉमर्स स्वतःहून नोइंडेक्स लावते, आणि ऑर्डर मिळाल्याचे पान चेकआउटच्याच पोटात येत असल्यामुळे त्यालाही तो मिळतो. मात्र ही सोय सेटिंग्जमधील ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात जी पाने नेमलेली असतात, त्यांच्यापुरतीच असते. वर सांगितलेले घाऊक ऑर्डरचे पान तिथे नेमलेले नसेल, तर त्याच्यावर चेकआउटचा फॉर्म असूनही नोइंडेक्स लागत नाही. भाषांतराच्या प्लगइनने तयार केलेल्या दुसऱ्या भाषेतील पानांच्या बाबतीतही हे गृहीत न धरता तपासावे.

ज्या पानावर तो नाही, तिथे एसईओच्या, म्हणजे सर्चमधले दिसणे सांभाळणाऱ्या, प्लगइनमधून (उदा. योस्ट किंवा रँक मॅथ) लावता येतो. योस्ट वापरत असाल, तर ते पान संपादनासाठी उघडून योस्टच्या चौकटीतील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात सर्च इंजिनने हे पान निकालांत दाखवावे का, या प्रश्नाला ‘नो’ निवडावे. रँक मॅथमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘नो इंडेक्स’ या चौकटीत खूण करावी. चुकून एकाच पानावर दोन मेटा टॅग आले, एक इंडेक्स करा म्हणणारा आणि दुसरा करू नका म्हणणारा, तर गूगल त्यातला अधिक कडक टॅग पाळते; त्यामुळे वूकॉमर्सचा नोइंडेक्स दुसऱ्या प्लगइनच्या परवानगीने निष्प्रभ होत नाही.

एका धोक्याबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ विभागात सर्च इंजिनना ही साइट इंडेक्स करण्यापासून परावृत्त करा, अशा अर्थाची एक चौकट असते. ती चेकआउटसाठी नसून संपूर्ण साइटसाठी आहे. तिच्यावर खूण केली की प्रत्येक पानावर नोइंडेक्स लागतो, आणि मालाच्या पानांसकट सगळे दुकान हळूहळू निकालांतून नाहीसे होते. वेबसाइट तयार होत असताना बनवणारे ही खूण मुद्दाम करतात आणि ते बरोबरच असते. दुकान सुरू झाल्यावर ती काढायची राहून गेली आहे का, हे मालकाने स्वतः उघडून पाहावे.

शॉपिफाय या तयार ऑनलाइन दुकान पुरवणाऱ्या सेवेचे वेगळे आहे. तिथे कार्ट, चेकआउट, ऑर्डर आणि खाते यांचे पत्ते मुळातच रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये अडवलेले असतात. त्यामुळे क्वचित एखादा नुसता पत्ता सर्च कन्सोलच्या त्या वेगळ्या यादीत दिसू शकतो. त्याने दुकानाचे काही बिघडत नाही, आणि तेवढ्यासाठी कोणाला पैसे देऊन शॉपिफायची मूळ मांडणी बदलून घेऊ नये, असे माझे मत आहे. २०२१ पासून शॉपिफायने ही फाइल बदलण्याची मुभा दिली आहे खरी, पण नवख्याने तिला हात न लावणेच हिताचे.

दुकान कोणाकडून खास लिहून घेतलेले असेल, तर त्या प्रोग्रामरला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. नोइंडेक्सचा टॅग सर्व्हरने पाठवलेल्या मूळ एचटीएमएलमध्येच असावा, नंतर जावास्क्रिप्टने घातलेला नसावा. आणि जीएसटीच्या बिलांच्या पीडीएफ फाइली तयार होत असतील, तर त्या फोल्डरसाठी एक्स-रोबोट्स-टॅग हेडर लावावे, कारण पीडीएफमध्ये मेटा टॅग घालता येत नाही. खरे तर ही बिले सार्वजनिक फोल्डरमध्ये असूच नयेत. ती ग्राहकाने लॉगिन केल्यावरच उतरवता यावीत.

पायरी ४: कॅश पुसून डोळ्यांनी खात्री करावी

सेटिंग बदलले तरी कॅश (पानाची साठवलेली प्रत) करणारे प्लगइन किंवा सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पाने पुरवणारी सेवा) काही काळ जुनेच पान देत राहू शकते. म्हणून आधी सगळी कॅश पुसावी. मग खासगी खिडकीत कार्टमध्ये माल टाकून चेकआउट उघडावे, कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबून पानाचा मूळ एचटीएमएल पाहावा, आणि कंट्रोल व एफ दाबून त्यात नोइंडेक्स हा शब्द शोधावा. तो वरच्या हेड विभागात, रोबोट्स नावाच्या मेटा टॅगमध्ये सापडायला हवा. दुसरीकडे कुठे, म्हणजे एखाद्या टिप्पणीत किंवा स्क्रिप्टमध्ये सापडला, तर तो चालत नाही. हेडर लावला असेल, तर एफ१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये पान पुन्हा लोड करावे आणि पहिल्या ओळीवर क्लिक करून उत्तराच्या हेडरांमध्ये तो पाहावा.

याच बैठकीत मालाची दोन-तीन पाने आणि मुख्य पानही तसेच उघडून तिथे नोइंडेक्स नाही ना, हे पाहावे. चेकआउट झाकण्याच्या नादात मालाचे पान झाकले गेले, तर नुकसान कितीतरी मोठे असते, आणि विक्री घटेपर्यंत ते ध्यानातही येत नाही.

पायरी ५: रोबोट्स डॉट टीएक्सटी तपासावी

डोमेनच्या पुढे तिरकी रेघ देऊन या फाइलीचे नाव टाइप केले की ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात कार्ट किंवा चेकआउट अडवणारी ओळ कोणी घातली असेल आणि आपण त्या पानांवर नोइंडेक्स लावला असेल, तर ती ओळ काढावी. फाइलीत थेट नोइंडेक्स लिहिलेली ओळ असेल, तर तीही काढावी. अशा ओळी पाळणे गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केले आहे, पण जुन्या लेखांतून हा सल्ला अजून फिरत असतो.

मग या फाइलीचा उपयोग काय? ‘ॲड-टू-कार्ट’ असलेले दुवे अडवण्यासाठी तिचा खरा उपयोग होतो. बॉटने असा प्रत्येक दुवा उघडला, की सर्व्हरला साठवलेले पान देता येत नाही. नवे पान घडवावे लागते, नवी कार्ट मांडावी लागते. वार्षिक काही हजार रुपयांच्या शेअर्ड होस्टिंगवर चालणारे दुकान नवरात्राच्या गर्दीत यानेही मंद होऊ शकते. या दुव्यांना वूकॉमर्स नोफॉलो (या दुव्यामागे जाऊ नये अशी खूण) लावते, पण मार्च २०२० पासून गूगल नोफॉलोकडे आज्ञा म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहते. म्हणून तारांकन, प्रश्नचिन्ह आणि ‘ॲड-टू-कार्ट’ अशी रचना असलेली डिसअलाऊची (बंदीची) ओळ इथे उपयोगी पडते. मालाचे स्वतःचे पान यात अडवले जात नाही.

ओळ लिहिताना पत्त्याची सुरुवात जुळली की बंदी लागू होते, हे विसरू नये. ‘/ऑर्डर’ एवढेच अडवले, तर ‘/ऑर्डर-गूळ-होलसेल’ हे आपले कमाईचे पानही अडते. लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही वेगवेगळी धरली जातात. आणि ही फाइल जगात कोणालाही वाचता येते, त्यामुळे गुप्त फोल्डरचे नाव तिच्यात लिहिणे म्हणजे ते स्वतःहून जाहीर करणे होय.

पायरी ६: साइटमॅपमधून नावे काढावीत

साइटमॅप ही ‘ही पाने अवश्य पाहा’ असे सर्च इंजिनला सांगणारी यादी आहे. तिच्यात चेकआउट असणे आणि त्याच वेळी चेकआउटवर नोइंडेक्स असणे हा परस्परविरोध आहे. एसईओचे प्लगइन नोइंडेक्स लावलेली पाने सहसा यादीतून आपोआप गाळते. तरी साइटमॅप ब्राउझरमध्ये उघडून एकदा नजर फिरवावी.

पायरी ७: आधीच इंडेक्स झालेली पाने काढावीत

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी नोइंडेक्स लागलेला असावा, बॉटला पान उघडता येत असावे, आणि मगच सर्च कन्सोलमध्ये त्या पत्त्याची तपासणी करून पुन्हा क्रॉल करण्याची विनंती करावी. बॉट पुन्हा आला, त्याने आज्ञा वाचली, की पान निकालांतून जाते. याला काही दिवस लागू शकतात, क्वचित महिनेही लागतात. महत्त्वाचे नसलेले पान बॉट सावकाशच पाहतो.

एखाद्या पानावर ग्राहकाची माहिती उघडी पडली असेल, तर मात्र थांबू नये. आधी ती माहिती पानावरूनच काढावी किंवा पान लॉगिनच्या आड न्यावे. मग सर्च कन्सोलमधील ‘रिमूव्हल्स’ या साधनातून तो पत्ता लपवण्याची विनंती करावी; त्यात अमुक पत्त्याने सुरू होणारी सगळी पाने एकदम लपवण्याचाही पर्याय आहे. हे लपवणे साधारण सहा महिन्यांपुरते असते. तेवढ्या काळात कायमचा उपाय झाला नसेल, तर पान परत निकालांत येऊ शकते. हे साधन फक्त गूगलपुरते आहे. बिंगसाठी बिंग वेबमास्टर टूल्समध्ये वेगळी विनंती करावी लागते.

चाचणीची प्रत आणि कुलूप

वेबसाइट बनवणारे लोक बदल करून पाहण्यासाठी दुकानाची हुबेहूब प्रत सबडोमेनवर (मूळ डोमेनच्या आधी एखादा शब्द जोडून केलेल्या पत्त्यावर) ठेवतात. ही प्रत विसरली जाते आणि इंडेक्स होते. तिच्यात जुने दर असतात, कधी मूळ दुकानातून उचललेल्या ऑर्डरही असतात, आणि तिचे चेकआउट चालू असेल, तर ग्राहक तिथे ऑर्डर देतो व ती ऑर्डर कोणालाच दिसत नाही. मालाची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला याचा खुलासा देणे फार अवघड जाते. अशा प्रतीला नोइंडेक्स पुरेसा मानू नये. तिला सर्व्हरच्या पातळीवरच पासवर्ड लावून घ्यावा. पासवर्ड असला की बॉटही आत येत नाही आणि वाट चुकलेला ग्राहकही. काम संपल्यावर ती प्रत पुसून टाकायला सांगावी, आणि ती पुसली आहे हे तिचा पत्ता उघडून पाहावे.

हीच गोष्ट ऑर्डरच्या पानांनाही लागू आहे. नोइंडेक्स ही विनंती आहे. गूगल आणि बिंग ती पाळतात, पण पत्ते गोळा करत फिरणारा प्रत्येक बॉट ती पाळेलच असे नाही. वूकॉमर्सच्या नव्या आवृत्त्यांत खाते न उघडता खरेदी केलेल्या ग्राहकाने काही वेळाने ऑर्डरचे पान पुन्हा उघडले, तर आधी ईमेल विचारला जातो. ही सोय मिळावी म्हणून तरी आवृत्ती अद्ययावत ठेवावी. कुरिअरवाल्याला पत्ता कळवायचा असेल, तर ऑर्डरच्या पानाचा दुवा पाठवू नये, फक्त पत्त्याचा मजकूर पाठवावा.

पुन्हा केव्हा पाहावे

थीम बदलली, एसईओचे प्लगइन बदलले, चेकआउटचे पान नव्याने बनवले किंवा होस्टिंग हलवले, की चौथी आणि पाचवी पायरी पुन्हा करावी. नवे चेकआउटचे पान बनवून जुने तसेच ठेवण्याची सवय अनेकांना असते. जुने पान कचऱ्यात टाकावे आणि वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये नवे पान नेमावे. गर्दीच्या हंगामाआधी, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी ही तपासणी केली, तर चूक सापडली तरी बॉटने पान पुन्हा वाचण्यासाठी वेळ हाताशी राहतो.

एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाताना जुन्या कार्ट व चेकआउटचे पत्ते मुख्य पानाकडे वळवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. मालाच्या जुन्या पानांचे पत्ते त्याच मालाच्या नव्या पानांकडे वळवावेत. जुन्या चेकआउटच्या जागी मात्र पान नाही असे सांगणारे ४०४ किंवा ते कायमचे काढले आहे असे सांगणारे ४१० हे उत्तर सर्व्हरने द्यावे. ते उत्तर मिळाले की सर्च इंजिन तो पत्ता स्वतःहून आपल्या यादीतून वगळते.